तबकडीत पंखा की पंख्यात तबकडी? : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

प्रश्न आधी कागदावर पक्का करून ठेवतो, म्हणजे पुढे तो सोयीप्रमाणे वाकवता येणार नाही. एक मीटर व्यासाच्या वर्तुळात मावेल, वजन दोन किलोवर जाणार नाही, जागच्या जागी तरंगेल आणि वेग घेतल्यावर स्वतःच्या गोल अंगाचाच पंख म्हणून वापर करेल, असं यान होतं का? शेवटची अट महत्त्वाची. ती काढली तर उरतं गोल झाकणाचं ड्रोन, आणि त्यात शोधण्यासारखं काही नाही.

दोन मांडण्या डोळ्यांसमोर आहेत. एकीत तबकडीच्या मध्यभागी भोक आणि भोकात पंखा. दुसरीत तबकडी भरीव, ती स्वतः फिरते, पाती तिच्या कडेतून बाहेर आलेली. वेग आला की पाती आत ओढून घ्यायची. पहिलीला ‘भोकाची’ आणि दुसरीला ‘कडेची’ म्हणायचं ठरलं. सहकाऱ्याचा जीव भोकाचीवर. उडत्या तबकडीच्या चित्रात शोभते ती हीच, पाती उघडी नाहीत, बोटं कापायची भीती नाही. माझं अजून काही ठरत नाही.

११ जानेवारी

तरंगण्याचा हिशेब केला. हवेत जागच्या जागी राहायचं तर हवा खाली ढकलावी लागते. खूप हवा हळू ढकलली तर स्वस्तात भागतं, थोडी हवा जोरात ढकलली तर महागात पडतं. आदर्श शक्ती म्हणजे वजनाचा दीडावा घात भागिले वर्गमूळ. वर्गमुळाच्या आत हवेची घनता आणि पंख्याचं क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराची दुप्पट. वजन १९.६ न्यूटन आणि घनता १.२ धरली.

एक मीटरचं वर्तुळ सगळंच पंख्याला दिलं तर ६३ वॅट. हा आपला संदर्भ.

कडेची: मधली ५० सेंटीमीटरची तबकडी वजा केली तरी क्षेत्रफळ पावभागच जातं. शक्ती ७३ वॅट, म्हणजे संदर्भाच्या १५ टक्के वर.

भोकाची: मधे ४० सेंटीमीटरचा पंखा, बाकी पत्रा. १५८ वॅट. संदर्भाच्या अडीचपट.

क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे मधला अर्धा व्यास म्हणजे जेमतेम पाव जागा. शिवाय साध्या पंख्यातही बुंध्याजवळचा भाग हळू फिरतो आणि फारशी उचल देत नाही. म्हणजे भरीव भाग ठेवायचाच असेल तर मधे ठेवा, कडेला नको. एवढ्या गणितावरच भोकाची बाद करावीशी वाटली.

सहकाऱ्याने लगेच हरकत घेतली: भोकाला नीट नळकांडं केलं तर? बरोबर आहे. नळकांड्यातून निघालेला झोत खाली आक्रसत नाही, उचलीचा अर्धा वाटा नळकांड्याच्या ओठाकडून येतो आणि आदर्श शक्ती दोनाच्या वर्गमुळाने भागली जाते. १५८ चे ११२ होतात. पण त्यासाठी तबकडीला जाडी हवी. ४० सेंटीमीटरच्या भोकाला दोन-तीन सेंटीमीटरची पातळ चकती नळकांडं म्हणून पुरत नाही, आणि जाड केली की पुढे उडताना तीच जाडी आडवी येते.

हे सगळे आदर्श आकडे. प्रत्यक्षात ०.६ ने भागायचे.

१२ जानेवारी

जुन्या यानांपैकी अव्रोकारवर हेच गणित चालवून बघितलं. कॅनडातल्या अव्रो कंपनीत जॉन फ्रॉस्ट यांनी अमेरिकी लष्करासाठी केलेली ही तबकडी १९५९ मध्ये पहिल्यांदा मोकळी तरंगली. व्यास साधारण ५.५ मीटर, मधला फिरता पंखा फक्त दीड मीटरचा. व्यासांचं गुणोत्तर ०.२८, म्हणजे त्याच व्यासाच्या उघड्या पंख्याच्या तुलनेत आदर्श शक्ती साडेतीनपटीहून जास्त. पंख्याच्या कडेला १२४ छोटी पाती, आणि त्यांच्यावर तीन जेट इंजिनांचा धूर सोडून तो फिरवलेला. अपेक्षा ताशी ४८० किलोमीटरच्या आसपासची होती. मिळाले ५६, तेही जमिनीला धरून. साधारण मीटरभर उंचीच्या वर गेलं की यान टेबलावर फिरत खाली बसणाऱ्या नाण्यासारखं डुलू लागायचं. १९६१ च्या डिसेंबरात प्रकल्प बंद झाला.

लोक अव्रोकारला हसतात. मला ते पटत नाही. फ्रॉस्टने हवा मधून कडेपर्यंत नेऊन कडेच्या फटीतून खाली सोडली, ती का, हे कळायला आम्हाला स्वतः पंखा लावून बघावं लागेल असं दिसतंय.

१९ जानेवारी

थर्मोकोलची एक मीटरची तबकडी तापलेल्या तारेने कापली. मधे ४० चं भोक, त्यात पंखा. सगळं वरून ताणकाट्याला टांगलं, मोटरच्या तारेत वॉटमीटर.

आधी भोकाची कड तशीच धारदार ठेवली होती. ओठाभोवती लोकरीचे धागे चिकटवले. पंखा सुरू केला तर आतल्या बाजूचे धागे थरथरतात, काही उलटे वळून वर बघतात. हवा धारेवरून वळूच शकत नाही, ती सुटते आणि पात्यांच्या टोकांना गढूळ हवा मिळते. आवाजही खरखरीत. मग फोमची अर्धगोल पट्टी घासून ओठ गोल केला. तेच धागे ओठाला चिकटून मुकाट आत वळले, आवाज एक पट्टी खाली आला आणि तेवढ्याच वॅटमध्ये काट्यावरची उचल डोळ्यांत भरेल इतकी वाढली. कागदावरची ‘अर्धी उचल ओठाची’ ती ही. सहकारी खूष. त्याला आजचा दिवस दिला.

२० जानेवारी

आज उलट बाजू. उभ्या पंख्याने तबकडीवर आडवा वारा सोडला, पुढे उडताना लागेल तसा. वाऱ्याकडची कड लगेच वर उचलली गेली.

कारणं दोन, आणि दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. समोरून येणारी हवा भोकात शिरायला पुढच्या ओठावरून जास्त तीव्र वळते, म्हणून तिथे खेच जास्त. आणि भोकात शिरताना हवेचा आडवा वेग मारला जातो, त्याची ओढ तबकडीच्या वरच्या अंगाला लागते, गुरुत्वमध्याच्या वर. दोन्हींनी नाक वर. म्हणजे यान पुढे जायला झुकतं आणि वारा त्याला परत मागे बसवतो.

हिलरच्या पॉनीत नेमकं हेच झालं होतं. १९५५ मध्ये उडालेला तो उभं राहून चालवायचा मंच: खाली नळकांडं, आत उलटसुलट फिरणारे दोन पंखे, वर सैनिक. तो अतिशय स्थिर होता, कारण झुकवला की स्वतःच सरळ व्हायचा. त्याच गुणामुळे ताशी २६ किलोमीटरच्या आसपास त्याची धाव संपायची. तरंगण्यासाठी गोल ओठ जितका चांगला, तितकं पुढे जाणं अवघड.

२६ जानेवारी

जमिनीचा प्रयोग. तबकडी टांगलेली, खालून प्लायवूडचा मोठा तुकडा हळूहळू वर सरकवत नेला. जमीन जवळ आली की उचल वाढते हे हेलिकॉप्टरचं ज्ञान घेऊन सहकारी काट्याकडे बघत होता. प्लाय वीतभर अंतरावर आला आणि काटा उतरला. तबकडी खाली ओढली जात होती.

मधून आलेला झोत जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो आणि जाता जाता तबकडीच्या पोटाखालची हवा सोबत ओढून नेतो. पोटाखाली दाब कमी, वरून वातावरण दाबतंय. जागच्या जागी सरळ वर उठणाऱ्या हॅरियर विमानाच्या पोटाखाली लांबट पट्ट्या आणि पुढे घडीचा आडोसा असतो तो याच भानगडीसाठी, आपटून वर येणारी हवा पोटाखाली कोंडून ठेवायला. फ्रॉस्टने झोत कडेला नेला तो बहुधा म्हणूनच: कडेने पडदा खाली सोडला की आत हवेची गादी तयार होते. पण गादी जमिनीजवळच असते. उंची वाढली की पडद्याचे झोत मधे कोसळून एक होतात, आणि या बदलाच्या सीमेवर यान डुलतं. एका जागचं दुखणं दुसऱ्या जागी गेलं, एवढंच.

भोकाचीचा पंखा या आठवड्यात उतरवला.

२ फेब्रुवारी

कडेची. चार पाती, प्रत्येकी ३० ग्रॅम, मिनिटाला १२०० फेरे. टोकाचा वेग सेकंदाला ६३ मीटर, आवाजाच्या मानाने बरा. पात्याचा वजनमध्य अक्षापासून ३७.५ सेंटीमीटरवर धरला तर एक पातं बाहेर ओढतं १७८ न्यूटनने. तीस ग्रॅमची वस्तू अठरा किलोची होऊन मुळाला लोंबकळते. आणि हे आत ओढायचं आहे, फिरत असताना.

फेरे निम्मे केले तर ओढ पावपट होते, साडेचार किलो. त्यामुळे पाती आत घ्यायच्या आधी फेरे उतरवायचे. पण फेरे उतरले की पात्यांची उचल गेली, म्हणजे तोपर्यंत तबकडीने वजन पेललेलं असायला हवं. क्रम ठरला: आधी वेग, मग फेरे कमी, मग पाती आत.

४ फेब्रुवारी

पाती आत जाणार कुठे, हे काढायला कंपास घेऊन बसलो. तबकडीची त्रिज्या २५ सेंटीमीटर, पात्याची लांबी २५. समोरासमोरची दोन पाती आत सरकली की बरोबर मध्यावर टक्कर, आणि तिथे मोटरचा दांडा उभा. चार असतील तर एकमेकांवरून जाणार. मग एक तर अक्ष चुकवून बाजूने सरकवायची, नाही तर दोन मजले करायचे, नाही तर पातं दुर्बिणीच्या नळ्यांसारखं एकात एक. तिन्हींत तबकडी फुगते.

त्याहून वाईट गोष्ट पात्याच्या आकाराची. चांगल्या पात्याला मुळापासून टोकाकडे पीळ असतो आणि ते टोकाकडे निमुळतं होतं. फटीतून सरकणारं पातं सरळसोट, बिनपिळाचं, सगळीकडे सारख्या छेदाचं लागतं. वर त्याला कोन बदलण्याची सोय हवी, म्हणजे फटीतली बेअरिंग सरकणारीही आणि वळणारीही, अठरा किलोच्या ओढीखाली. दोन किलोच्या यानात ही यंत्रणा बसवायची तर दुसरं काही बसवायला नको.

कल्पना नवी नाहीच. डेन्मार्कचे संशोधक एलेहामर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तबकडी-रोटरचा (रोटर म्हणजे उचल देणारा फिरत्या पात्यांचा संच) विचार केला होता. बोइंगने डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेसाठी २००० च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वाचा आराखडा अभ्यासला. त्यात तबकडी विमानाच्या पाठीवर होती. खाली वेगळं धड, वेगळी शेपूट. प्रत्यक्ष विमान झालं नाही. मला त्यातली ‘पाठीवर’ ही गोष्ट सूचक वाटते. मोठ्या लोकांनीही तबकडीला संपूर्ण यान होऊ दिलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

यंत्रणा जमली असं समजून पुढे जाऊ. पाती आत, ५० सेंटीमीटरची तबकडी पंख म्हणून. क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, उचल गुणांक ०.५ धरला तर दोन किलो पेलायला सेकंदाला १८ मीटर वेग लागतो, ताशी ६६ किलोमीटर. अशक्य नाही.

गोल पंखाची एक गंमत आहे. व्यासाचा वर्ग भागिले क्षेत्रफळ हे गुणोत्तर म्हणजे चार भागिले पाय (π); प्रेरित ओढीच्या, म्हणजे उचल निर्माण करण्यापायी लागणाऱ्या ओढीच्या, सूत्रात त्याला पुन्हा πने गुणायचं, त्यामुळे छेदात नेमका ४ उरतो. ओढ गुणांक ०.०६२५. म्हणजे उचलीच्या एक अष्टमांश निव्वळ पंखाच्या गोलपणापायी जातं. गुणोत्तर आठ असलेल्या लांब पंखाला हीच ओढ सहापट कमी. तरीही शक्ती निघते ४५ वॅट, तरंगण्याच्या ७३ पेक्षा कमी. घर्षणाची ओढ वर धरली की फायदा जवळजवळ संपतो, पण तोटा होत नाही. सहकाऱ्याला यात आशा दिसली. मीही वही मिटली नाही.

१३ फेब्रुवारी

गोल पंखाची उचल मध्यावर लागत नाही. ती पुढच्या कडेपासून साधारण पाव व्यासावर लागते, म्हणजे आमच्या तबकडीत मध्याच्या साडेबारा सेंटीमीटर पुढे. गुरुत्वमध्य मात्र मध्यावर, कारण पात्यांचा अक्ष तिथे आहे आणि तरंगताना तो तिथेच असावा लागतो.

थर्मोकोलची ५० ची चकती न फिरवता हातातून सरळ पुढे सोडली. पुढची कड उचलली गेली, चकती उभी राहिली आणि पाठीवर पडली. पुढच्या कडेला मळलेल्या मातीचे गोळे वाढवत गेलो. गुरुत्वमध्य पाव व्यासाच्या थोडा पुढे आला तशी ती एकदम शहाणी झाली आणि लांब, सपाट तरंगत गेली.

आता खऱ्या यानात हे करायचं. दोन किलोचा गुरुत्वमध्य साडेबारा सेंटीमीटर पुढे न्यायला सहाशे ग्रॅमची बॅटरी मध्यापासून ४२ सेंटीमीटर पुढे लागते. तबकडीची कड २५ वरच संपते. बॅटरी हवेत.

आणि नेली तरी तरंगताना ती तिथे चालणार नाही. रोटरला गुरुत्वमध्य मधे हवा, पंखाला तो पाववर हवा, आणि दोघे एकाच तबकडीत. माझ्या मते सगळ्या तबकडी-यानांचं मूळ दुखणं हे आहे; शक्तीचं दुखणं त्यामानाने सौम्य. भोकाचीलाही ते चुकत नाही. अव्रोकारमध्ये फिरत्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या स्थैर्याला नियंत्रणाच्या तारा जोडून हे सावरायचा बेत होता.

१६ फेब्रुवारी

‘फ्रिसबी कशी उडते मग?’ सहकाऱ्याचा प्रश्न, रास्त.

फिरते म्हणून. नाक वर करणारा पीळ, म्हणजे वळवणारा जोर, फिरत्या चकतीवर लागला की परिणाम नव्वद अंशांनी पुढे दिसतो, नाक न उचलता चकती बाजूला कलते. खाली वळवलेली जाड कड दोन कामं करते: पीळ कमी करते आणि वस्तुमान बाहेर ठेवते, म्हणून कलणं सावकाश. १७५ ग्रॅमच्या चकतीला दोन-चार सेकंद निभावून न्यायचे असतात, तेवढं जमतं.

आमचा आकडा काढला. पीळ २.४५ न्यूटन-मीटर. तबकडी ३०० ग्रॅमची, पाती आत, फेरे १२०० ठेवले तरी सेकंदाला शंभर अंशांच्या आसपास कलंडणं. पाती आत घेण्यासाठी फेरे निम्मे केले तर दुप्पट. दोन तबकड्या उलटसुलट फिरवल्या तर भोवऱ्याचा परिणामच शून्य, मग थेट नाक वर.

१८ फेब्रुवारी

शेपूट लावू. मागे दांडी काढून लहान आडवी पाटी. पण बुटक्या पंखाच्या मागे हवा जबरदस्त खाली वळलेली असते. पंखाचा कोन एक अंश वाढवला तर सरळ मागे, पुरेसं दूर गेल्यावर, सिद्धान्ताप्रमाणे हवेचा कोनही ०.९ अंशाने बदलतो. शेपटीला कळतच नाही की यान झुकलं. ती असून नसल्यासारखी.

म्हणून शेपूट मधे नको, दोन्ही बाजूंना बाहेर हवी, पंखाच्या टोकाशी उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्याच्या पलीकडे, जिथे हवा वर चढते. अमेरिकेतल्या व्हॉट कंपनीचं व्ही-१७३ असंच होतं. चार्ल्स झिमरमन यांचं हे गोलसर विमान २३ नोव्हेंबर १९४२ ला उडालं आणि पुढची काही वर्षं उडत राहिलं. मागच्या बाजूने दोन्हीकडे कोन बदलता येणारे आडवे पंख, आणि पुढे दोन्ही टोकांना प्रचंड प्रोपेलर, टोकांच्या भोवऱ्यांच्या उलट फिरणारे. तबकडीच्या जातीत मनापासून उडालेलं विमान मला हेच दिसतं, आणि त्याने पंखा तबकडीत घातला नव्हता. पॉनीच्या मुळाशीही झिमरमन यांचीच कल्पना होती, हे बघून त्यांच्याबद्दल आदर वाढला.

आमच्या तबकडीला बाजूचे पंख लावले तर ते नेमके पात्यांच्या घेऱ्यात येतात. घेऱ्याबाहेर काढले तर एक मीटरचं वर्तुळ मोडतं.

२३ फेब्रुवारी

कड्याचा, म्हणजे बाहेर कडं आणि मधे मोठा पंखा अशा तिसऱ्या मांडणीचा, विचार शेवटी करून टाकला. सिकोर्स्की कंपनीचं सायफर, १९९० च्या दशकातलं मानवरहित यान: साधारण १.९ मीटरचं कडं, मधे एकाच अक्षावर उलटसुलट फिरणारे चार-चार पात्यांचे दोन रोटर, सामान सगळं कड्याच्या आत. पंख्याचा घेरा मोठा, भरीव भाग पातळ आणि कडेला, ओठाचा फायदा मिळतो. वेगात कडं नाक वर करतं; ते रोटरच्या चक्राकार नियंत्रणाने, म्हणजे दर फेऱ्यात पात्यांचा कोन कमीजास्त करून, दाबायचं. यान छान उडालं. पण वेग हवा म्हटल्यावर पुढच्या आवृत्तीला वेगळे पंख आणि ढकलणारा पंखा जोडला. कड्याने पंखाचं काम केलं नाही.

२५ फेब्रुवारी

निकाल लिहिला. ठरलेल्या वर्तुळात आणि वजनात भोकाची: तरंगेल, महाग तरंगेल, पुढे जाणार नाही. कडेची: तरंगेल, पंधरा टक्के जादा देऊन; पाती आत घेणं या वजनात नाही; पाती आत गेली तरी पंख म्हणून टिकणार नाही. कडं: तरंगण्यासाठी उत्तम, पण मूळ अट पुरी करत नाही.

सहकारी निकालावर सही करायला तयार नाही. त्याचं म्हणणं, वर्तुळाची अट आपणच घातली होती, ती सोडली तर बाजूचे पंख बाहेर निघतात. खरं आहे. मी त्याला म्हटलं, मग प्रोपेलरही टोकांना ने, म्हणजे व्ही-१७३ च झालं. ‘होऊ दे की.’

तडजोड झाली. मी मधली तबकडी ३० सेंटीमीटरवर आणतो, पाती कायमची बाहेर, चुंबळीसारखं मधे सामान. शक्ती फक्त पाच टक्के जादा. तो ५० ची मातीवाली चकती घेऊन तिला बाजूचे पंख लावतो आणि मातीचे गोळे एकेक करून काढत बघतो, गुरुत्वमध्य मध्याच्या किती जवळ आणता येतो ते. मध्यापासून पाच सेंटीमीटरच्या आत आला तर बॅटरी १७ सेंटीमीटरवर, म्हणजे तबकडीच्या आत मावते, आणि निकालातलं कडेचीचं ‘पंख म्हणून टिकणार नाही’ हे वाक्य पुन्हा लिहावं लागेल. पंखांसाठी बाल्सा कापून ठेवलंय.